कमरेला पट्टा नाही म्हणून

बॉक्सिंगच्या गप्पांत एक मत इतकं मुरलेलं आहे, की ते मत आहे हेच विसरायला होतं. ज्याने विश्वविजेतेपद मिळवलं नाही तो चांगला असेल, शूर असेल, लोकांचा लाडकाही असेल. पण त्याला थोर म्हणायचं नाही. ब्रिटिश बॉक्सरांच्या बाबतीत तर हा निवाडा फार सहज दिला जातो. जिम ड्रिस्कॉल, टॉमी फार, हेन्री कूपर, हेरॉल ग्रॅहम ही नावं निघाली की बोलणाऱ्याचा आवाज जरा मऊ होतो, ‘बिचारा थोडक्यात हुकला’ एवढं बोलून होतं आणि विषय पुढे सरकतो. हे मत चुकीचं आहे आणि त्याला जोडून येणारी कीवही चुकीची आहे. दोन्ही खोडून काढायला हवीत.

पण आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. आठवणी पक्षपाती असतात. ज्याला त्याला आपल्या गावचा गडी अजिंक्य वाटतो. बॉक्सिंगमध्ये धावांची सरासरी नसते आणि सेकंदांची नोंदही नसते, त्यामुळे भावनेला मोकळं रान मिळतं. अशा खेळात एकच खणखणीत प्रश्न उरतो : तुझ्या काळातल्या सर्वोत्तम माणसासमोर तू उभा राहिलास का, आणि त्याला हरवलंस का? विश्वविजेतेपद हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे, असं हा पक्ष म्हणतो. संधी मिळाली नाही ही सबबही तो ऐकून घेत नाही. रँडी टर्पिनने १९५१ साली लंडनमध्ये शुगर रे रॉबिन्सनला हरवलंच. केन बुकॅनन १९७० साली पोर्तो रिकोच्या रणरणत्या उन्हात इस्माएल लागुनाला हरवून जगज्जेता झालाच. त्यांना जमलं ते इतरांना जमलं नाही, तर इतरांना वेगळा न्याय का लावायचा?

हा युक्तिवाद पोकळ नाही. मात्र तो दोन गृहीतकांवर उभा आहे : पट्टा नेहमी सर्वोत्तम माणसाच्याच कमरेला असतो, आणि तिथवर जाणारी वाट सगळ्यांना सारखीच खुली असते. आपल्या न्यायशास्त्राने लक्षणाचे दोष सांगून ठेवले आहेत. लक्षण जिथे लागायला हवं तिथे लागलं नाही तर ती अव्याप्ती. जिथे लागू नये तिथेही लागलं तर ती अतिव्याप्ती. ‘थोर बॉक्सर म्हणजे विश्वविजेता’ या लक्षणात हे दोन्ही दोष आहेत.

अव्याप्तीचं पहिलं उदाहरण ड्रिस्कॉल. १८८० साली कार्डिफमधल्या एका गरीब आयरिश कॅथलिक घरात तो जन्मला. जत्रांमधून बॉक्सिंगचे तंबू लागत. बाहेर फळीवर उभं राहून गर्दीला आव्हान द्यायचं आणि आत जो येईल त्याच्याशी लढायचं. त्या तंबूंत तो घडला. उभं राहणं ताठ आणि डावा हात खांद्यातून सरळ रेषेत सुटणारा. त्या डाव्या ठोशाने तो समोरच्याचं अंतर मोजायचा, त्याला रोखायचा आणि त्याला हवं तिकडे वळवायचाही. ज्याला जुनी ब्रिटिश शैली म्हणतात ती कुणाची पाहावी असं विचारलं, तर जाणकार आजही याचंच नाव घेतात.

१९ फेब्रुवारी १९०९ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याची गाठ फेदरवेटचा जगज्जेता एब अटेल याच्याशी पडली. लढत १० फेऱ्यांची होती. इथे त्या काळचा व्यवहार समजून घ्यावा लागतो. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा अशा लढतींचा गुणांवर निकालच देता येत नसे. दोघेही शेवटपर्यंत पायांवर उभे राहिले, तर रेफ्री कुणाचाच हात उंचावत नसे आणि जगज्जेता होता तसाच जगज्जेता राहून घरी जाई. पट्टा हिसकावायचा तर त्याला आडवं करण्याखेरीज मार्ग नव्हता. कोण सरस ठरला हे दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं सांगत आणि पैजांचे हिशेब त्यांवर मिटत. त्या दिवशी वर्तमानपत्रांचा कौल ड्रिस्कॉलच्या बाजूने पडला.

म्हणजे आपल्या काळातल्या सर्वोत्तम माणसासमोर तो उभा राहिला आणि सरस ठरला. पूर्वपक्षाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ‘होय’ असं आहे, पट्टा मात्र नाही. पुढे काय झालं तेही सांगायला हवं. अटेलशी पुन्हा लढण्याच्या गोष्टी निघाल्या, तरी ड्रिस्कॉल अमेरिकेत थांबला नाही. कार्डिफमधल्या नाझरेथ हाउस या अनाथालयासाठी प्रदर्शनीय लढत करायचा शब्द त्याने तिथल्या नन्सना दिला होता आणि तो पाळायला तो बोटीने परत निघाला. अटेलशी त्याची दुसरी लढत कधीच झाली नाही. कुणी म्हणेल, ही तर त्याचीच निवड होती. मान्य. पण मग त्याच्या कमरेला पट्टा नसणं ही गोष्ट न्यूयॉर्कच्या कायद्याबद्दल सांगते, एका दिलेल्या शब्दाबद्दल सांगते. त्याच्या बॉक्सिंगबद्दल ती काहीही सांगत नाही.

ड्रिस्कॉलमध्ये उणिवा नव्हत्या असंही नाही. डिसेंबर १९१० मध्ये कार्डिफलाच फ्रेडी वेल्शशी लढताना वेल्शच्या चिकटून खेळण्याने तो इतका भडकला, की दहाव्या फेरीत त्याने डोक्याने धडक मारली आणि बाद झाला. तो डाग त्याच्या नावावर आहे आणि तो पुसायचं कारण नाही. पण हाच वेल्श पुढे लाइटवेटचा जगज्जेता कसा झाला, ते पाहण्यासारखं आहे. जगज्जेता विली रिची याला लंडनला आणण्यासाठी वेल्शच्या बाजूने २५ हजार डॉलरची हमी द्यावी लागली, आणि स्वतः वेल्शच्या हाती जवळजवळ काहीच उरलं नाही. ७ जुलै १९१४ रोजी ऑलिंपिया सभागृहात २० फेऱ्या लढून त्याने गुणांवर विजेतेपद घेतलं. वेल्श उत्तम बॉक्सर होता, ते यश त्याने कष्टाने मिळवलं होतं. पण रिंगमध्ये पाऊल ठेवण्याआधी त्याला त्या संधीची किंमत मोजावी लागली होती. ज्याच्याकडे तेवढी रक्कम उभी करणारा व्यवस्थापक नव्हता, त्याची परीक्षाच झाली नाही; आणि न झालेल्या परीक्षेत कुणाला नापास करता येत नाही.

१९१९ साली, वयाच्या ३८ व्या वर्षी आणि ढासळलेल्या प्रकृतीनिशी, ड्रिस्कॉल फ्रान्सच्या शार्ल लेदूविरुद्ध उतरला. मोठा काळ तो आपल्यापेक्षा कितीतरी तरुण लेदूला शिकवत राहिला, मग अंगातलं बळ संपलं आणि सोळाव्या फेरीत त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल टाकावा लागला. १९२५ साली तो गेला तेव्हा कार्डिफच्या रस्त्यांवर लाखभर माणसं उभी होती. गर्दीने थोरवी सिद्ध होत नाही, म्हणून ती मी पुराव्यात धरत नाही. पुरावा म्हणून अमेरिकेतल्या कॅनस्टोटाच्या आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेमकडे बोट दाखवतो. १९९० साली तिथे ड्रिस्कॉलचा समावेश झाला. बॉक्सिंगचा इतिहास जपणाऱ्यांनीच पट्टा ही अट मानलेली नाही, मग बाकीच्यांनी ती का धरून बसावं?

रॉचडेलच्या जॉक मॅकअव्हॉयची गोष्ट याहून थोडक्यात आटोपते आणि अधिक बोचते. २० डिसेंबर १९३५ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने मिडलवेटचा जगज्जेता बेब रिस्को याला पहिल्याच फेरीत पुन्हापुन्हा खाली पाडून संपवलं. पट्टा मात्र रिस्कोकडेच राहिला, कारण लढत मिडलवेटच्या वजनमर्यादेबाहेर ठरवलेली होती. जगज्जेत्यांचे व्यवस्थापक त्या काळी ही काळजी हटकून घेत : वजन थोडं वर ठेवायचं, म्हणजे हरलो तरी पट्टा शाबूत. मग ज्याने जगज्जेत्याला तीन मिनिटांच्या आत आडवं केलं, त्याला त्याच विजेतेपदासाठी लढू द्यायला कोण तयार होणार? मॅकअव्हॉयला ती लढत मिळाली नाही. त्याला वरच्या वजनगटात जॉन हेन्री लुईसशी लढावं लागलं आणि तिथे तो गुणांवर हरला. नोंदवहीत रिस्को ‘जगज्जेता’ आहे आणि मॅकअव्हॉय ‘आव्हानवीर’.

कर्कलँड लँगचंही असंच. नॉटिंगहॅमच्या या देवदत्त गुणांच्या आणि बेशिस्त वागण्याच्या माणसाने ४ सप्टेंबर १९८२ रोजी डेट्रॉइटमध्ये रॉबेर्तो दुरानला १० फेऱ्यांत हरवलं. पुढच्या जूनमध्ये दुरान पुन्हा जगज्जेता झाला. लँग एकदाही विश्वविजेतेपदासाठी लढला नाही. त्यात त्याचा स्वतःचा वाटा मोठा होता. पण त्या रात्री रिंगमध्ये कोण सरस होता, हे त्याच्या नंतरच्या वागण्याने बदलत नाही.

इथे पूर्वपक्षाचा माणूस थांबवेल. म्हणेल, ज्यांना संधी नाकारली त्यांचं सोडा. ज्यांना रीतसर संधी मिळाली आणि जे हरले, त्यांचं काय? आक्षेप रास्त आहे. तो टाळण्यासाठी आपल्या बाजूचे लोक दंतकथांचा आधार घेतात आणि स्वतःचाच पक्ष दुबळा करतात.

टॉमी फार हा वेल्समधल्या ऱ्होंडा खोऱ्यातला खाणकामगार. ३० ऑगस्ट १९३७ रोजी यांकी स्टेडियमवर हेवीवेटचा जगज्जेता जो लुईस याच्यापुढे तो पूर्ण १५ फेऱ्या टिकला. तिकडे पहाटेपर्यंत रेडिओला कान लावून बसलेल्या वेल्समध्ये समज पसरला, की फार जिंकला होता आणि त्याला लुबाडलं गेलं. तो लुबाडला गेला नाही, लुईस जिंकला. पण त्या लढतीच्या गुणपत्रिकांत एक गोष्ट आहे : रेफ्रीने १५ पैकी १३ फेऱ्या लुईसला दिल्या, तर एका परीक्षकाने ९ लुईसला आणि ६ फारला. तीच लढत आणि तीच रात्र. जो लुईसपुढे सहा फेऱ्या आपल्या नावावर लिहून घेतो, त्याच्याबद्दल ‘हरला’ एवढीच नोंद ठेवणं म्हणजे अर्धीच नोंद ठेवणं.

कूपरची दंतकथा तर जगभर पसरली आहे. १८ जून १९६३, वेम्बली. चौथ्या फेरीच्या अगदी शेवटी कूपरचा डावा हूक बसला आणि कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा महंमद अली, दोरखंडांना टेकत खाली गेला. घंटा झाली. क्लेचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने हातमोजा फाटल्याकडे रेफ्रीचं लक्ष वेधलं आणि मोजा बदलण्याच्या निमित्ताने क्लेला मिनिटामागून मिनिटं मिळाली, नाहीतर कूपर जिंकलाच होता, अशी ती कथा. लढतीची चित्रफीत उपलब्ध आहे. त्यात विश्रांती नेमलेल्या एका मिनिटापेक्षा काही सेकंदच लांबलेली दिसते. कूपरच्या डोळ्यावरच्या ज्या जखमेमुळे पाचव्या फेरीत लढत थांबवली गेली ती त्या सेकंदांमुळे झाली नव्हती. भुवईचं हाड पुढे आलेलं, त्यावरची कातडी नाजूक. ही त्याच्या शरीराची खोट होती आणि १९६६ साली आर्सेनलच्या मैदानावर, विश्वविजेतेपदासाठी लढताना, तिनेच त्याला सहाव्या फेरीत पुन्हा थांबवलं. कूपर अलीपेक्षा सरस नव्हता. हे कबूल केल्याने त्याचं काहीच कमी होत नाही. ५५ लढतींत १४ पराभव असलेला हा माणूस तीन लॉन्सडेल पट्टे कायमचे जिंकणारा एकमेव बॉक्सर आहे. ब्रिटिश विजेतेपदाचा हा पट्टा १९०९ पासून दिला जातो, आणि तेव्हाच्या नियमानुसार तीनदा जिंकल्यावरच तो स्वतःचा होत असे.  

पण संधी मिळूनही हरलेल्यांत ज्याच्यासाठी मी सगळा युक्तिवाद पणाला लावेन तो हेरॉल ग्रॅहम. शेफील्डच्या विन्कोबँक भागात चर्चच्या एका हॉलमध्ये डब्लिनहून आलेला ब्रेंडन इंगल मुलांना शिकवायचा. त्याने जमिनीवर रंगाने रेषा आखून ठेवल्या होत्या. मुलांनी त्या रेषांवर पावलं टाकायची, वळायचं, पाय न गुंतवता दिशा बदलायची. तास न् तास. हात नंतर, आधी पाय. त्या जमिनीवर ग्रॅहम तयार झाला. इंगल त्याला कामगारांच्या क्लबांत घेऊन जायचा, त्याचे हात पाठीमागे घ्यायला लावायचा आणि बिअर पीत बसलेल्या दांडग्या पुरुषांना सांगायचा, याला मारून दाखवा. ते उठायचे, बाह्या सरसावायचे आणि हवेत हात फिरवून घामाघूम व्हायचे. ग्रॅहम फक्त कमरेतून वाकायचा, मान तेवढीच बाजूला घ्यायचा. ठोसा कानशिलाजवळून निघून जायचा, पाय मात्र जागचे हललेले नसायचे.

असा माणूस १९८७ पर्यंत अपराजित होता आणि जगज्जेत्यांना त्याच्याशी लढायची मुळीच घाई नव्हती. त्याच्याशी लढण्यात पैसा थोडा आणि फजिती मोठी. संधी आली ती १० मे १९८९ रोजी, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, माइक मॅकॅलमविरुद्ध. आठव्या फेरीत ग्रॅहमचा एक गुण कापला गेला आणि तीन परीक्षकांच्या दोनास एक अशा कौलाने तो हरला. दुसरी संधी २४ नोव्हेंबर १९९० ची. जूलियन जॅक्सनच्या डोळ्याच्या पडद्यावर आधी शस्त्रक्रिया झालेली होती, म्हणून बॉक्सिंगचं नियमन करणाऱ्या ब्रिटिश मंडळाने त्याला लढू दिलं नाही आणि लढत स्पेनमध्ये न्यावी लागली. तीन फेऱ्या ग्रॅहमने जॅक्सनला हात लावू दिला नाही. जॅक्सनचा एक डोळा मिटला, आता एकच फेरी दिली जाईल असं ठरलं. चौथ्या फेरीत ग्रॅहम संपवायला पुढे गेला आणि जॅक्सनचा एक उजवा हात बसला. ग्रॅहम जमिनीवर पडण्याआधीच बेशुद्ध होता. तिसरी संधी १९९८ साली आली, वय ३८. अटलांटिक सिटीत चार्ल्स ब्रूअरला त्याने तिसऱ्या फेरीत दोनदा खाली पाडलं आणि दहाव्या फेरीत स्वतः थांबवला गेला.

तीन संधी आणि तीनही हुकल्या. पूर्वपक्ष म्हणेल, निकाल लागला. मी म्हणेन, निकाल लागला तो तीन लढतींचा. जॅक्सनचा तो एकच ठोसा खरा होता, तो नाकारणारा मी कोण? पण बॉक्सिंग ही विद्याही आहे, आणि विद्येत मोठेपण कशात असतं हे आपण गाण्यात, कुस्तीत, चित्रकलेत जाणतो : कुणी काय नवं आणलं आणि ते पुढे कुणी उचललं. त्याच हॉलमधल्या त्याच रेषांवर, ग्रॅहमला रोज पाहत, नसीम हमीद आणि जॉनी नेल्सन वाढले. नसीम १९९५ साली जगज्जेता झाला, नेल्सन १९९९ साली. हात खाली सोडून उभं राहणं, कमरेतून मागे झुकणं, कोनातून ठोसा टाकणं ही सगळी नसीमची म्हणून जगाने पाहिलेली रीत शेफील्डमध्ये आधी ग्रॅहमच्या अंगात दिसली होती. शिष्यपरंपरेला थोर म्हणायचं आणि ज्याच्या अंगात ती पहिल्यांदा आकाराला आली त्याला ‘हुकलेला’ म्हणायचं, हे कुठलं शास्त्र?

आता अतिव्याप्ती. फारच्या काळी वजनगट आठ होते. गडबड तेव्हाही होती, पण जगज्जेता म्हणजे कोण हे रस्त्यावरचा माणूस सांगू शके. आज वजनगट किमान १७ आहेत आणि पट्टे वाटणाऱ्या प्रमुख संस्था चार : डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ. म्हणजे एका वेळी ६८ जगज्जेते असू शकतात, शिवाय ‘सुपर’, ‘अंतरिम’ वगैरे पोटप्रकार वेगळेच. या गर्दीत खरे थोर आहेतच. पण पट्टा ही थोरवीची खूण मानली तर त्या ६८ जणांना ड्रिस्कॉलच्या वर बसवावं लागेल, आणि ते कुणीही गंभीरपणे म्हणणार नाही. म्हणजे ही कसोटी लावणारेही ती मनापासून मानत नाहीत. जुन्यांना लावतात, नव्यांना लावताना डोळे मिटतात.

मुळात ‘विश्वविजेतेपद’ कशाला म्हणायचं हे कागदावर ठरतं, आणि तो कागदही बदलत राहतो. अलीचा पट्टा काढून घेतल्यावर डब्ल्यूबीएच्या मते जिमी एलिस जगज्जेता होता. १९६९ साली कूपरला एलिसशी लढायचं होतं. ब्रिटिश मंडळाने डब्ल्यूबीएला मान्यता नाही म्हणून परवानगी नाकारली. कूपरने संतापून ब्रिटिश विजेतेपद सोडलं. पुढे गुडघ्याची दुखापत उद्भवली आणि ती लढत कधीच झाली नाही. तो एलिसला हरवू शकला असता की नाही हे सांगता येणार नाही. पण १९६९ साली ज्या पट्ट्याकडे मंडळ ढुंकून पाहायला तयार नव्हतं, तसल्याच पट्ट्यांवरून आज थोरवी मोजली जाते.

मायकेल वॉटसनचं नाव इथेच घ्यायला हवं. मे १९८९ मध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्कमध्ये त्याने नायजेल बेनला सहाव्या फेरीत गारद केलं. वर्ष पूर्ण होण्याआधी बेन डब्ल्यूबीओचा जगज्जेता झाला. बेन जगज्जेता झाला त्याच महिन्यात वॉटसन मॅकॅलमकडून हरला. मग २१ सप्टेंबर १९९१, टॉटनहॅमचं मैदान, समोर ख्रिस युबँक. अकराव्या फेरीत वॉटसनने युबँकला खाली पाडलं. युबँक उठला आणि त्याच्या एका अपरकटने वॉटसन मागे कोसळला, मान दोरखंडावर आपटली. बाराव्या फेरीच्या सुरुवातीला लढत थांबवली गेली. मेंदूत रक्तस्राव होता. रिंगपाशी त्याला सावरणारी यंत्रणा नव्हती आणि ज्या रुग्णालयात आधी नेलं तिथे मेंदूची शस्त्रक्रिया होत नव्हती. तो चाळीस दिवस बेशुद्ध होता.

वॉटसनने ब्रिटिश मंडळावर खटला भरला. १९९९ साली उच्च न्यायालयाने आणि डिसेंबर २००० मध्ये अपील न्यायालयाने मंडळाला जबाबदार धरलं : जी संस्था नियम घालून देते आणि ज्यांच्या जिवावर खेळ चालतो, त्यांच्या वैद्यकीय सुरक्षेची काळजी घेणं तिचं कर्तव्य आहे. हा निवाडा आज कायद्याच्या वर्गात शिकवला जातो. रिंगपाशी प्राणवायू, भुलतज्ज्ञ, सज्ज रुग्णवाहिका, जवळच्या मेंदूशल्य विभागाला आधी कळवून ठेवणं, या सगळ्याचा ब्रिटनमधला इतिहास वॉटसनशिवाय सांगता येत नाही. हे बॉक्सिंगमधलं मोठेपण नव्हे, असं कुणी म्हणेल. मी बेनविरुद्धची लढतही पुढे करतो आणि निवाडाही. कारण खेळाचा इतिहास लिहायचा तर खेळ कुणामुळे बदलला हेही त्यात येतं.

सगळ्यात जड प्रकरण मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. कारण तिथे ‘वाट सगळ्यांना खुली’ या गृहीतकाचं काहीच उरत नाही.

लेन जॉन्सन १९०२ साली मँचेस्टरमध्ये जन्मला. वडील सिएरा लिओनचे खलाशी, आई मूळच्या आयरिश कुटुंबातली. शंभराहून जास्त लढती तो लढला. ब्रिटिश मिडलवेट विजेता राहिलेल्या रोलंड टॉडला त्याने दोनदा हरवलं. १९२६ साली ऑस्ट्रेलियात त्याने साम्राज्याचं मिडलवेट विजेतेपद जिंकलं. घरी परतला तर ब्रिटनमधल्या धुरिणांनी ते मानलंच नाही. १९२७ साली त्याने पुढे ब्रिटिश विजेता झालेल्या लेन हार्वीला गुणांवर हरवलं. त्याच वर्षी ऑलिंपिया सभागृहात मिडलवेटच्या विश्वविजेतेपदासाठी मिकी वॉकरसमोर उभा केला गेला तो ब्रिटिश विजेता टॉमी मिलिगन, आणि तो दहाव्या फेरीत संपला. जॉन्सन ब्रिटिश विजेतेपदासाठी लढूच शकत नव्हता. नियमच असा होता, की त्या विजेतेपदासाठी लढणाऱ्याचे आईवडील गोरे असले पाहिजेत.

हा नियम हवेतून आला नव्हता. १९११ साली जॅक जॉन्सन हा काळा जगज्जेता लंडनमध्ये बॉम्बार्डियर बिली वेल्सशी लढणार होता. गोऱ्याला काळ्याकडून मार खाताना साम्राज्यातल्या प्रजेने पाहिलं तर काय होईल, या भीतीने केवढा गहजब झाला आणि गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी ती लढत थांबवली. त्या भीतीचं पुढे नियमात रूपांतर झालं आणि तो नियम १९४८ पर्यंत टिकला. त्या वर्षी डिक टर्पिन, म्हणजे रँडीचा थोरला भाऊ, व्हिन्स हॉकिन्सला हरवून पहिला कृष्णवर्णीय ब्रिटिश विजेता झाला. पूर्वपक्षाने रँडी टर्पिनचं उदाहरण दिलं होतं. रँडीला ते १९५१ साली जमलं, कारण तीन वर्षांपूर्वी दार उघडलं होतं. त्याच्या आधीच्या पिढीतल्या जॉन्सनला रँडीचा दाखला देणं म्हणजे कुलूप काढल्यावर, कुलपाआड राहिलेल्याला तू चालत का आला नाहीस असं विचारणं आहे.

जॉन्सन १९३३ साली निवृत्त झाला तो खचून नव्हे. १९४५ च्या मँचेस्टरमधल्या पाचव्या अखिल आफ्रिकी परिषदेत तो प्रतिनिधी होता. मॉस साइडमध्ये तो पुन्हापुन्हा कम्युनिस्ट पक्षाचा उमेदवार म्हणून उभा राहिला. १९५३ साली हल्ममधल्या ओल्ड ॲबी टॅपहाउस या पबमध्ये त्याला वर्णावरून दारू नाकारली गेली. त्याने माणसं गोळा केली, दारात निदर्शनं उभी केली आणि काही दिवसांत ती बंदी उठली.

त्याला विश्वविजेता होता आलं असतं असं मी म्हणणार नाही. वॉकर फार मोठा बॉक्सर होता, आणि १९३२ साली हार्वीनेही जॉन्सनला हरवलं. माझी मागणी यापेक्षा लहान आहे आणि ती पुरी करता येण्यासारखी आहे. ब्रिटिश मिडलवेट विजेत्यांची यादी छापली जाते, तेव्हा त्या वर्षांपुढे मिलिगन, आयर्लंड, हार्वी, मॅकअव्हॉय अशी नावं येतात. त्या नावांखाली नियमाचा उल्लेख करून एक ओळ छापावी, की या वर्षांत मँचेस्टरच्या लेन जॉन्सनला लढायला मनाई होती, आणि यातल्या हार्वीला त्याने १९२७ साली हरवलं होतं.